प्लास्टर निघालं, पण कोपर सरळ होईना

"मुलांचं हाड आहे, पटकन जुळेल," असं आम्हाला भेटणाऱ्या प्रत्येकानं सांगितलं. ते खरंही ठरलं. माझ्या लेकीच्या दंडाचं हाड ठरल्या वेळेत जुळलं. पण हाड जुळल्यावरही हात पहिल्यासारखा व्हायला बराच काळ गेला. त्या काळात घरच्यांनी काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही, हे आम्हाला हळूहळू समजत गेलं. आत्ता ज्यांच्या घरी हात गळ्यात बांधलेलं मूल आहे, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितो आहे.

लेक साडेपाच वर्षांची. बागेतल्या आडव्या दांड्यांना लोंबकळताना तिचा हात सुटला आणि ती तळहातावर पडली. या वयात अशा पडण्यानं कोपराच्या जरा वर दंडाचं हाड मोडतं. त्याला 'सुप्राकाँडायलर फ्रॅक्चर' म्हणतात. मुलांच्या कोपराजवळच्या फ्रॅक्चरमध्ये हेच सगळ्यात जास्त आढळतं, आणि त्यातही पाच ते सात वर्षांच्या मुलांमध्ये. दंडाचं हाड त्या ठिकाणी चपटं आणि पातळ असतं. लहान मुलांचे सांधे सैल असल्यामुळे टेकलेल्या हाताचं कोपर उलट्या बाजूला वाकतं, आणि सगळा जोर नेमका त्या पातळ जागेवर येतो.

कोपर बघता बघता सुजलं आणि त्याचा आकार वेडावाकडा दिसायला लागला. आम्ही हात होता तसाच ठेवला, खाली घडी केलेला टॉवेल घेतला, दुसऱ्या टॉवेलनं तो अंगाशी अलगद बांधला आणि निघालो. असा हात सरळ करून बघायचा नसतो. हाडाची टोकं आतल्या रक्तवाहिनीला आणि नसांना लागू शकतात. आणि तोंडातून काही द्यायचं नाही, कारण भूल द्यावी लागण्याची शक्यता असते. घन अन्न पोटात गेलं असेल तर साधारण सहा तास आणि साधं पाणी प्यायलं असेल तर दोन तास थांबावं लागतं. वाटेत तिला तहान लागली होती. रडणाऱ्या मुलीला पाणीसुद्धा देता येत नाही, तो रस्ता फार लांबचा वाटतो.

दवाखान्यात डॉक्टरांनी कोपराला हातच लावला नाही. आधी मनगटावर बोटं ठेवून नाडी बघितली, नखं दाबून रंग किती लवकर परत येतो ते बघितलं. मग तिच्यासमोर बसून म्हणाले, "मी करतो तसं करून दाखवशील?" त्यांनी अंगठा वर केला, तिनंही केला. त्यांनी बोटं पसरली, तिनंही रडत रडत पसरली. मग अंगठा आणि पहिलं बोट टेकवून गोल करायला सांगितला. तिचा गोल होईना. अंगठ्याचं आणि बोटाचं शेवटचं पेर वाकतच नव्हतं, दोन्ही सरळ राहून चोचीसारखी एकमेकांवर टेकत होती. आम्हाला वाटलं, दुखतंय म्हणून करत नसेल. डॉक्टरांनी मात्र ते लगेच केसपेपरवर लिहिलं. ती दोन पेरं वाकवणारी एक बारीक नस या फ्रॅक्चरमध्ये बऱ्याचदा दुखावते. ती तुटलेली नसते, ताणली गेलेली असते. बहुतेक मुलांमध्ये काही आठवड्यांत किंवा काही महिन्यांत ती आपोआप पूर्ववत होते. ऑपरेशनच्या आधी हे नोंदवून ठेवणं फार महत्त्वाचं असतं, नाहीतर नस पडताना दुखावली की नंतर, हे कुणालाच सांगता येत नाही. तुमचं मूल कितीही रडत असलं तरी बोटांची ही तिन्ही प्रकारची तपासणी होऊ द्या. राहून गेली असं वाटलं तर स्वतःहून विचारा.

एक्स-रे बघून माझ्या पोटात गोळाच आला. कोपराच्या जागी हाडाचे सुटे सुटे तुकडे दिसत होते. डॉक्टरांनी समजावलं की यातले बरेचसे तुकडे मोडलेले नाहीतच. लहान मुलांच्या कोपरात अजून कूर्चा (हाड होण्याआधीचा मऊ, लवचीक भाग) असते, आणि कूर्चा एक्स-रेमध्ये दिसत नाही. तिच्यात हाड तयार होण्याची सहा केंद्रं एकेक करून उगवतात, साधारण एक, तीन, पाच, सात, नऊ आणि अकरा या वर्षांच्या सुमाराला. मुलींमध्ये थोडी आधी. म्हणून कधी कधी दुसऱ्या, चांगल्या कोपराचाही एक्स-रे काढून दोन्ही शेजारी ठेवून बघतात. खरी मोड त्या सगळ्याच्या वर होती, आणि ती दाखवल्यावर मलाही कळली. हाडाची दोन टोकं एकमेकांपासून पूर्ण सरकलेली होती.

या फ्रॅक्चरचे तीन प्रकार गार्टलँड नावाच्या अस्थितज्ज्ञानं 1959 साली मांडले, ते आजही वापरले जातात. पहिल्यात हाड जागचं हललेलं नसतं, प्लास्टरवर भागतं. दुसऱ्यात ते वाकलेलं असतं, पण मागची कड जोडलेली राहते. तिसऱ्यात ते पूर्ण सरकतं. हिचा तिसरा. नुसत्या प्लास्टरमध्ये असं हाड धरून ठेवायचं तर कोपर खूप वाकवून ठेवावं लागतं, आणि सुजलेलं कोपर तेवढं वाकवलं तर हाताचा रक्तपुरवठा अडू शकतो. म्हणून हाड बसवून त्यात तारा घालायच्या असं ठरलं. नाडी नीट लागत होती, हात गरम होता, त्यामुळे रात्री घाई न करता सकाळी.

त्या रात्री लेकीनं विचारलं, "बाबा, दुखणार का?"

तिच्या आईनं आणि मी आधीच ठरवलं होतं की 'अजिबात नाही' असं म्हणायचं नाही. तिला सांगितलं, "सुई टोचताना दुखेल. मग झोप येईल. झोपेत काही कळणार नाही. उठल्यावर दुखेल, तेव्हा औषध देतील." तिनं तेच चार-पाच वेळा विचारलं आणि आम्ही त्याच शब्दांत तेच उत्तर दिलं. पुढे जे जे झालं ते याच क्रमानं झालं, आणि म्हणून नंतरच्या प्रत्येक तपासणीला तिनं आमचा शब्द खरा मानला. या सगळ्या काळात आम्ही केलेली सगळ्यात उपयोगी गोष्ट कोणती असं विचाराल, तर मी हीच सांगेन.

भूल चढेपर्यंत तिच्या आईला आत थांबू दिलं. या ऑपरेशनमध्ये बहुतेक वेळा कापाकाप नसते. चालू एक्स-रेच्या पडद्यावर बघत हात ओढून हाड जागेवर आणतात आणि कातडीतूनच दोन-तीन गुळगुळीत तारा आरपार घालतात. त्यांना 'के-वायर' म्हणतात, 1909 साली त्या वापरात आणणाऱ्या किर्शनर या जर्मन सर्जनच्या नावावरून. तारांची टोकं कातडीबाहेर वाकवून ठेवलेली असतात आणि त्यावर ड्रेसिंग असतं. हे आधी ऐकून मला कसंतरी झालं होतं. पण टोकं बाहेर असल्यामुळेच त्या काढायला पुन्हा भूल द्यावी लागत नाही, हे कळल्यावर बरं वाटलं.

पहिल्या रात्री घ्यायची काळजी मी जरा विस्तारानं सांगतो. हाताला पूर्ण गोल प्लास्टर न घालता मागच्या बाजूनं अर्धा स्लॅब लावून पट्टी गुंडाळली होती, म्हणजे सुजेला वाव राहतो. दंडाच्या किंवा हाताच्या स्नायूंत आतल्या आत सूज आणि दाब वाढला तर रक्त पोचत नाही, स्नायू मरतात आणि हात कायमचा आखडतो. फोल्कमन या जर्मन सर्जननं 1881 मध्ये याचं वर्णन केलं, आजही त्याच नावानं ते ओळखलं जातं. हे क्वचित होतं, पण झालं तर काही तासांत इलाज करावा लागतो. मोठं माणूस आपल्याला काय होतंय ते सांगू शकतं. लहान मूल सांगत नाही. रात्रपाळीच्या सिस्टरनं आम्हाला सांगितलेलं मी विसरलो नाही : "मूल बेचैन झालं, शांतच होईना, आणि दुखण्याच्या औषधाची गरज कमी व्हायच्याऐवजी वाढत चालली, तर 'हट्ट करतंय' असं म्हणू नका, आम्हाला हाक मारा." त्याबरोबर बोटं सरळ केल्यावर जोराची कळ येणं, बोटं थंड किंवा पांढरी पडणं, बधिर होणं, हलवता न येणं, यातलं काहीही दिसलं तरी लगेच. दर तासाला त्या येऊन बोटं हलवून घेत, रंग बघत. घरी आल्यावर तेच काम आमच्याकडे आलं.

घरी पहिले काही दिवस हात उशांवर, छातीच्या वर. बोटं कोपरापेक्षा उंच. दुखण्याचं औषध कळ येण्याची वाट न बघता वेळेवर, आणि वयावरून नाही तर वजनावरून डॉक्टरांनी लिहून दिलं तेवढंच. हळूहळू अंतर वाढत गेलं आणि औषध सुटलं.

कपडे घालताना दुखरा हात आधी बाहीत घालायचा, काढताना तो शेवटी काढायचा. पुढून बटणं असलेले ढगळ शर्ट बरे. आंघोळीऐवजी अंग पुसून घ्यायचं, कारण पिशवी बांधली तरी पाणी कुठून तरी आत जातंच. खाज सुटते, फार सुटते. आत पट्टी, पेन्सिल, विणायची सुई काहीही घालायचं नाही. कातडीला ओरखडा पडतो आणि आत चिघळतं. हेअर ड्रायरची गार हवा प्लास्टरच्या तोंडाशी सोडली की तिला बरं वाटायचं. प्लास्टरमधून वास येणं, ओल झिरपणं, ताप येणं, याकडे लक्ष ठेवायचं, कारण तारांच्या तोंडाशी जंतुसंसर्ग होऊ शकतो. आठवडाभरानं सूज उतरल्यावर स्लॅब काढून हलकं, गोल प्लास्टर घातलं.

मोडलेला हात उजवा होता, आणि ती नुकतीच अक्षरं गिरवायला लागली होती. डाव्या हातानं काढलेलं चित्र तिला आवडायचं नाही, ती कागद चुरगाळायची. झोपेत दचकून उठायची. चिडली की पूर्वी कधी मारायची नाही, आता मारायला लागली. डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले की अशा प्रसंगानंतर काही आठवडे असं होतं, तिला खेळू द्या. खेळात काय करते ते मी दारातून ऐकलं. बाहुलीच्या हाताला रुमाल गुंडाळून ती तिला सांगत होती, "सुई टोचताना दुखेल. मग झोप येईल. उठल्यावर औषध देतील." बाहुलीचं हे ऑपरेशन बरेच दिवस चाललं. मग एक दिवस बाहुलीचा रुमाल सुटला तो सुटलाच, आणि रात्रीचं दचकणंही त्या सुमारास थांबलं.

तारा साधारण तीन-चार आठवड्यांनी काढतात, ओपीडीतच. प्लास्टर कापायच्या करवतीचा आवाज मोठा असतो आणि मुलं त्यालाच जास्त घाबरतात. ती करवत गोल फिरत नाही, जागच्या जागी थरथरते. त्यामुळे कडक प्लास्टर कापलं जातं, पण मऊ कातडी तिच्याबरोबर हलते आणि कापली जात नाही. डॉक्टरांनी ती आधी स्वतःच्या तळहाताला लावून दाखवली. तारा काढायच्या अर्धा तास आधी दुखण्याचं औषध दिलं होतं. आम्ही सांगितलं होतं, "ओढल्यासारखं वाटेल, थोडं दुखेल, आणि लगेच संपेल." एकेक तार निघायला क्षणभरच लागला. ती ओरडली, रडली, आणि मग स्वतःच तारा बघायला मागितल्या.

इथे आम्हाला वाटलं की झालं सगळं. खरं तर इथून पुढचे आठवडे मला जास्त जड गेले.

प्लास्टरमधून निघालेला हात बारीक झाला होता. कातडीचे पापुद्रे सुटत होते, आणि त्या हातावरची लव दुसऱ्या हातापेक्षा दाट, काळी दिसत होती. ती नंतर आपोआप कमी होते. पण कोपर काटकोनात बसलेलं होतं ते हलेना. ती हात पोटाशी धरून चालायची, जणू प्लास्टर अजून तिथेच आहे. कुणी जवळून गेलं तरी दुसऱ्या हातानं तो झाकायची. हाड जुळल्याचं एक्स-रेत स्पष्ट दिसत होतं, आणि समोर हात मात्र वाकडाच. आईबापाचा जीव कासावीस होतो. बघायला येणारा प्रत्येक जण उपाय सांगतो : चोळा, शेका, ओढून सरळ करा, हातात वजन लटकवा, आत्ताच केलं नाहीत तर कायमचं असंच राहील.

डॉक्टरांनी मात्र तीन गोष्टी बजावून सांगितल्या. ओढायचं नाही, चोळायचं नाही, वजन लटकवायचं नाही. कोपर हा सांधा जबरदस्ती सहन करत नाही. ओढल्यामुळे आतले स्नायू पुन्हा दुखावतात, सूज येते, आखडणं वाढतं, आणि क्वचित स्नायूतच हाड तयार होऊ लागतं. मुलांचं कोपर त्यांच्या स्वतःच्या वापरानं सुटतं. बहुतेक हालचाल दोन-तीन महिन्यांत परत येते आणि शेवटची थोडी सहा महिने ते वर्षभरात. या फ्रॅक्चरनंतर लहान मुलांना सहसा वेगळ्या फिजिओथेरपीची गरजही पडत नाही. हालचाल वाढायची थांबली, दुखणं वाढलं किंवा पुन्हा सूज आली, तर दाखवायला यायचं.

ऐकायला हे सोपं वाटतं. प्रत्यक्षात, लेक शेजारी झोपली आहे, हात सैल पडला आहे, आणि आपण हलकेच जरासा सरळ करून बघावा असं मनात येतं, तेव्हा स्वतःचे हात मांडीखाली घेऊन बसावं लागतं. घरात आम्ही नियमच केला, "हात सरळ कर" असं तिला कुणी म्हणायचं नाही. आल्यागेल्याला दारातच सांगायचं. कारण ते वाक्य कानावर पडलं की तिचा खांदा वर जायचा आणि कोपर आणखी घट्ट मिटायचं. नजरेसमोर व्हायचं ते. आणि कुणी बघत नसताना तोच हात टेबलापलीकडच्या रंगपेटीकडे आपण होऊन पुढे जायचा.

मग आम्ही तिच्या हाताला कामं शोधली. टबात बसून मगनं पाणी भरायचं आणि ओतायचं. माती मळायची. आरसा पुसायचा. मऊ चेंडू फेकायचा. भिंतीवर मोठा कागद चिकटवून त्यावर उभ्यानं चित्र काढायचं, आणि दर काही दिवसांनी कागद थोडा वर सरकवायचा. हे शेवटचं सगळ्यात उपयोगी पडलं. हात लांबवण्याचं कारण कागदावरच असायचं, आम्हाला काही बोलावं लागायचं नाही. वाकवण्यासाठी जेवण पुरेसं होतं. सुरुवातीला हात तोंडापर्यंत पोचायचा नाही म्हणून ती मानच पुढे न्यायची. मान पुढे यायची कमी झाली तसं आम्हाला कोपर किती सुटतंय ते कळत गेलं. कोनमापक घेऊन मोजायची गरज पडली नाही, आणि तिला तसं मोजून घेणं आवडलंही नसतं.

नसेचं वेगळंच. कोपर सुटायला लागलं तरी अंगठ्याची चोच चोचच होती. बाहीचं बटण तिला धरता येत नव्हतं, पेन्सिल ती मुठीत धरायची. दर तपासणीला डॉक्टर गोल करायला सांगत, चोच बघून मान हलवत आणि "अजून वेळ आहे" म्हणत. मला वाटायचं, किती दिवस असं म्हणणार. पण ताणलेली नस खरोखरच आपल्या गतीनं भरते. एका संध्याकाळी ती खिडकीच्या काचेवर चिकटवलेलं स्टिकर नखानं उचकटत होती, आणि मला दिसलं की अंगठ्याचं पेर वाकलंय. किंचित, पण वाकलंय. मी तिच्या आईला खुणेनं बोलावलं. आम्ही दोघं तिला काही न बोलता ते बघत उभे राहिलो. पुढच्या तपासणीत गोल झाला, जरा चपटा, पण गोल. त्यानंतरच्या वेळी पूर्ण.

एक प्रश्न आम्ही बराच उशिरा विचारला आणि त्याचं उत्तर सगळ्यांना माहीत असावं असं वाटतं. मनगटाजवळचं हाड थोडं वाकडं जुळलं तरी मुलांमध्ये वाढीबरोबर ते बरंच सरळ होतं, तसं कोपरालाही होईल ना? डॉक्टर म्हणाले, कोपराला तेवढं नाही. दंडाच्या हाडाची बहुतेक वाढ खांद्याकडच्या टोकाला होते, कोपराकडच्या टोकाला फक्त साधारण 20 टक्के. त्यामुळे इथे वाकडेपणा भरून निघायला फारसा वाव नसतो, आणि हाड आतल्या बाजूला झुकून जुळलं तर हाताचा कोन कायमचा बदलतो. हात चालतो, पण दिसायला वाकडा दिसतो. म्हणूनच पहिल्यांदा बसवतानाच ते नीट बसवणं आणि तारांनी धरून ठेवणं एवढं महत्त्वाचं. "मुलांचं हाड आहे, होईल सरळ" या भरवशावर कोपराचं फ्रॅक्चर अंगावर काढू नये.

हा कोन दोन्ही हात पूर्ण सरळ करून, तळवे पुढे ठेवून, एकमेकांशी ताडून बघतात. त्यामुळे कोपर सरळ होईपर्यंत तोही नक्की सांगता येत नाही. चढणं, उड्या मारणं प्लास्टर निघाल्यावर आणखी काही आठवडे बंदच होतं. परवानगी मिळाली तेव्हा तिच्यापेक्षा आम्हीच जास्त कचरत होतो. आता आम्ही खेळायच्या जागी आधी खालची जमीन बघतो. वाळू किंवा रबराचा थर आहे का, तो जागोजागी झिजून खाली टणक जमीन लागते का, आणि दांड्या तिच्या उंचीला फार वर नाहीत ना. तिला खेळायला मात्र जाऊ देतो.

आत्ता ती उजव्या हातानं लिहिते, पेन्सिल तीन बोटांत धरते. दोन्ही हात समोर धरले की उजवा अजून किंचित वाकलेला राहतो, माहीत असलेल्यालाच दिसेल एवढा. शेवटच्या तपासणीत डॉक्टरांनी तो बघितला, नाडी आणि बोटं पुन्हा एकदा तपासली, आणि सहा महिन्यांनी कोन बघायला यायला सांगितलं. तोपर्यंत कसलाही व्यायाम लिहून दिलेला नाही. भिंतीवरचा कागद आम्ही ठेवलाय, कारण तिला तो आवडतो.